वाण्याची वही

लेखन हें स्मृतीच्या साहाय्याकरितां निर्माण झालें, असें आपण मानतों. परंतु जेथें दोघांपैकीं एकालाच लिहितां येतें, तेथें तें स्मृतीला साहाय्य करतें कीं तिची जागा बळकावतें? हा प्रश्न खेड्यांतल्या दुकानाइतका स्पष्टपणें मला दुसरीकडे कोठें दिसलेला नाहीं.

आमच्या गांवीं एकच दुकान होतें. मीठ, गूळ, तंबाखू, सुपारी, खोबरें, दोरखंड, पाट्या-पेन्सिली आणि लुगडीं, सारें एका छपराखालीं. रोख पैसा सुगीनंतर दिसे; एरव्हीं व्यवहार ‘मांडून ठेवा’ ह्या दोन शब्दांवर चाले. वाणी दिवसभराची विक्री कीर्दींत क्रमानें टिपी व रात्रीं ती खतावणींत ज्याच्या त्याच्या नांवें चढवी. माझ्या आईला लिहितां येत नव्हतें. तेलाच्या प्रत्येक खेपेस ती चुलीमागच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढी. एका वर्षीं हिशेबाच्या वेळीं वहींत १९ खेपा निघाल्या, भिंतीवर १७. मी चवथींत होतों. वडिलांनीं वही माझ्यापुढें धरली आणि मीं ती खणखणीत आवाजांत वाचून दाखविली. पैसे १९ खेपांचे गेले. आई कांहीं बोलली नाहीं. पण त्यानंतर तिनें रेघा ओढणें सोडून दिलें.

वाणी लबाड होता असें मला आजहि म्हणवत नाहीं. कदाचित् त्या दोन खेपा मींच आणल्या असतील व आईस सांगावयाचें विसरलों असेन. खटकतें तें इतकेंच, कीं वहींतल्या तारखा एकेक करून आईला विचाराव्या, हें आम्हां साक्षरांपैकीं कोणालाच सुचलें नाहीं.

पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें १२ मे १८७५ रोजीं जें घडलें, तें वाचतांना मला ती भिंत आठवते. भोंवतालच्या गांवांतील शेतकऱ्यांनीं तेथील दुकानदार-सावकारांकडे मागितले ते वह्या आणि कर्जरोखे. धान्याचीं दुकानें लुटलीं गेलीं हें खरें. पण होळी केली ती कागदांची. १८५९ च्या कायद्यानें रोख्यांस तीन वर्षांची मुदत घातली होती, ती व्याज सांचूं नये म्हणून. सावकार मात्र दर तीन वर्षांनीं मुद्दल व व्याज एकत्र करून नवा रोखा लिहवून घेऊं लागले, आणि त्या नव्या आंकड्याखालीं मागची सारी हकीकत गडप होई. शेतकऱ्याला आपण काय नेलें तें आठवे. कागदाला शेवटची रक्कम तेवढी आठवे. कोर्ट कागदाचें ऐके.

पुढें १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांविषयींच्या कायद्यानें न्यायाधीशास रोख्याच्या मागें जाऊन व्यवहार मुळापासून तपासण्याची मुभा दिली. हें कलम प्रसिद्ध आहे. मला अधिक मोलाचीं वाटतात तीं दुसरीं, कमी चर्चिलेलीं कलमें: ऋणकोला पैसे भरल्याची पावती, वर्षाचा हिशेब आणि स्वतःजवळ ठेवावयाचें खातेपुस्तक मागण्याचा हक्क देणारीं. दुसऱ्या बाजूच्या हातींहि कागद यावा, ही कल्पना साधी आहे. तिला पेटलेल्या वह्यांची वाट पाहावी लागली. पण तें पुस्तक त्याला वाचून कोण दाखविणार? बहुधा घरांतला शाळेंत जाणारा मुलगा; आणि तो कोणाकडे पाहून वाचतो, ह्याविषयीं कायदा कांहीं बोलत नाहीं.