आई की सावकार?

माघी पौर्णिमा जवळ आली की निपाणी, चिकोडी व कोल्हापूरकडील भाविक मंडळी सौंदत्तीच्या डोंगरास जाण्याच्या तयारीस लागतात. पूर्वी बैलगाड्यांचे तांडे निघत, आता मोटारी निघतात, एवढाच फरक. जोगुळभावीतील स्नान, परडी भरणे, भंडारा, सारे यथासांग होते, आणि प्रत्येकाच्या मुखी एकच संबोधन असते : आई! परंतु याच मंडळींचे वाटेतील बोलणे कान देऊन ऐकावे. ‘गेल्या साली परडी भरायची राहिली, म्हणून म्हैस गेली.’ ‘नवस लांबला, तो तिने बरोबर वसूल केला.’ ही भाषा आईविषयीची की सावकाराविषयीची, असा प्रश्न आम्हांस पडतो.

या भीतीची किंमत आपल्या भागाने फार मोठी मोजली आहे. न विंचरलेल्या केसांत मळ, तेल व भंडारा साचून गुंता झाला की जट होते. तिच्यात याहून अधिक काही नाही. परंतु ते देवीचे बोलावणे मानले गेले, कापल्यास कोप होईल असे सांगितले गेले, आणि त्या धाकापोटी कित्येक आईबापांनी पोटच्या मुली देवीला सोडल्या. पुढे त्या मुलींच्या वाट्यास काय आले, हे सीमाभागातील वाचकांस सांगणे नको. देवदासींविषयी मुंबई इलाख्यात 1934 साली कायदा झाला, कर्नाटकाने 1982 साली केला. कायद्याने मुली सोडण्यास बंदी केली हे योग्यच झाले. पण कात्री हाती घेताना आईचा हात कापतो, तो कायद्याने कसा थांबावा?

आणि ही रेणुका कोण? महाभारतातील कथा सर्वांस ठाऊक आहे. जमदग्नीच्या आज्ञेवरून परशुरामाने मातेचा वध केला आणि प्रसन्न झालेल्या पित्याकडे वर मागितला की, आई पुन्हा जिवंत व्हावी व या वधाची तिला आठवणही राहू नये. ज्या मातेच्या ठायी पुत्राने केलेल्या घावाची स्मृती उरली नाही, ती एका राहिलेल्या परडीची नोंद ठेवील काय?

भीती ही या खतावणीची एक बाजू, गाऱ्हाणे ही दुसरी. 2019 च्या ऑगस्टात वेदगंगा-दूधगंगेच्या पुरात उभा ऊस गेला, घरे पडली. त्यानंतर आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी देवापुढील सांजवात बंद केली. ‘चाळीस वर्षे वारी केली, त्याचे हे फळ?’ असे ते म्हणत. त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. घरात दीर्घ आजारपण आले तेव्हा आम्हीही मनातल्या मनात केलेल्या उपवासांची बेरीज मांडली होती.

तक्रारच करू नये, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तुकोबारायांनी विठ्ठलाशी केलेले भांडण सर्वश्रुत आहे. (जिजाईंचे तर त्याहून कडक होते, आणि तिलाही देवाने दूर लोटल्याचे कोणी सांगत नाही.) 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मूल गेले. घरी पिढीजात सावकारी होती. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. ज्याने माणसांकडील येणे सोडले, तो देवाकडे येणे घेऊन कसा जाईल? म्हणून त्यांचे भांडण वसुलीचे वाटत नाही. रुसलेल्या लेकराचे वाटते.

आमच्या परिचयाच्या निपाणीकडील एका माउलीने मुलीची जट दोन वर्षे भीतीने सांभाळली आणि शेवटी स्वतःच्या हाताने कापली. त्याच माघात ती मुलीस घेऊन डोंगरावर गेली. परडी नेहमीसारखी भरली, नवस नव्हता. भीती नाही का वाटली, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, ‘वाटली की! गाडीत बसेपर्यंत पोटात गोळा होता. मग पोरीला झोप लागली, अन् मलाबी.’