बडबड्या सहकाऱ्याचे आपण काय देणे लागतो?



नातेवाईक जन्माने मिळतात, मित्र आपण निवडतो. पण कामावर शेजारच्या खुर्चीत कोण येऊन बसणार हे साहेब ठरवतात, आणि त्या माणसासोबत आपण दिवसाचे आठ तास काढतो. एवढा वेळ घरच्यांच्याही वाट्याला येत नाही. तो माणूस अखंड बोलणारा निघाला, तर त्याचे ऐकणे हे आपले कर्तव्य आहे का?

आपल्या धर्मग्रामातील एका भगिनीने मला हे विचारले. (प्रायश्चित्त संस्कारात नव्हे, मिस्सानंतर व्हरांड्यात, आणि लिहायला तिची परवानगी आहे.) ती अलिबागला एका पतसंस्थेत रोखपाल आहे. रोज एसटीने साळावचा पूल ओलांडून रेवदंडा, चौल, नागाव करत जाते. काही महिन्यांपूर्वी तिच्या शेजारच्या टेबलावर घाटावरचे एक गृहस्थ नव्याने कामाला लागले. माणूस वाईट नाही. पण सकाळी डबा टेबलावर ठेवला की सुरुवात होते : गावचा ऊस, मुलीची दहावी, स्वतःचा गुडघा, सरकार, पुन्हा गुडघा. नोटा मोजताना ही चुकते, पुन्हा मोजते. एका सोमवारी संध्याकाळी रोकड दीड हजार रुपयांनी कमी भरली. ते पैसे तिने पदरचे घातले आणि घरी जाऊन राग मुलावर काढला. “फादर, अजून किती सहन करायचं?” असा तिचा प्रश्न होता.

बोलणे ही मुळात वाईट गोष्ट नव्हे, हे कोर्लईकरांना तरी वेगळे सांगायला नको. १७४० साली पोर्तुगीज इथून गेले. त्यानंतर शाळा नाही, छापील पुस्तके नाहीत, तरी आपली नॉ लिंग टिकली. ती कशाने टिकली? ओट्यावरच्या आणि चुलीपुढच्या गप्पांनीच ना! गप्प माणसांच्या गावात ती केव्हाच मेली असती.

तरीही अति बोलण्याचा त्रास खरा आहे आणि जुना आहे. आपल्याच जिल्ह्यात, महाड तालुक्यातील शिवथरघळीत ज्याची रचना झाली असे मानतात त्या दासबोधात मूर्खाच्या लक्षणांचा एक समास आहे. दोघे बोलत असतील तिथे तिसरा जाऊन बसतो, त्यालाही रामदासांनी त्या यादीत घातले आहे. शेजारच्या टेबलाचे वर्णन वाचतो आहोत असे आपल्याला वाटेल. मात्र ती यादी ऐकणाऱ्याने स्वतःत शोधण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या कपाळावर चिकटवण्यासाठी नाही.

अशा वेळी आपण धर्मगुरू बहुधा संतांचे दाखले देतो. लिझ्यूची संत तेरेजा (१८७३–१८९७) आपल्या मंदिराला ज्या मातेचे नाव आहे, त्या कार्मेलच्याच संघातली. मठातील एका भगिनीचे वागणेबोलणे तिला मुळीच आवडत नसे. ती मात्र त्या भगिनीला हसूनच सामोरी जाई, इतकी की, ‘माझ्यात तुला एवढे काय आवडते?’ असे त्या भगिनीने तिला विचारले. पण दोन गोष्टी आपण सांगायच्या विसरतो. मठात मौनाचे तास ठरलेले असतात, बोलायची वेळ वेगळी असते. शिवाय अगदीच असह्य झाले की आपण पळ काढत असू, हे तेरेजाने स्वतःच लिहून ठेवले आहे. रोखपालाला काउंटर सोडून पळता येत नाही. म्हणून ‘तेरेजासारखी सहन कर’ एवढेच सांगून तिला घरी पाठवणे मला योग्य वाटले नाही.

मला संत थॉमस अक्विनास यांचे विवेचन अधिक उपयोगी वाटते. माणसांशी गोडीने वागणे हा गुण त्यांनी न्यायाच्या प्रकरणात घेतला आहे. म्हणजे ते आपले उपकार नव्हेत, देणे आहे. माणसे जशी सत्यावाचून एकत्र राहू शकत नाहीत, तशी आनंदावाचूनही राहू शकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. पण ते तिथे थांबत नाहीत. समोरच्याचे भले होणार असेल किंवा काही वाईट टळणार असेल, तर त्याला दुखवणेही त्याच गुणात बसते. आणि लगेच पुढचा प्रश्न खुशामतीचा, त्यानंतरचा भांडणाचा. गोडीची वाट या दोन खड्ड्यांमधून जाते.

आता आपली कार्यालये पाहा. तोंडावर ‘हो का, अरे वा’ म्हणायचे आणि परतीच्या एसटीत त्याच माणसाच्या नकला करायच्या. याला आपण सहनशीलता म्हणतो. मला त्यात खुशामतीचाच अंश दिसतो, कारण ते हसू खोटे असते. नाहीतर मग एक दिवस भडका उडतो आणि चारचौघांत त्याचा अपमान होतो. दोन्हीकडे त्याला खरे कोणी सांगितलेलेच नसते. ‘एकटा असेल बिचारा’ असेही काही जण म्हणतात. असेल, नसेलही, स्वभावच तसा असेल. सांगायचे की नाही, हे त्यावर ठरत नाही. तुझ्या भावाचा अपराध त्याला एकांतात सांग, असे प्रभू मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात म्हणतात. एकांतात, हा शब्द महत्त्वाचा.

तिने तसे केले. शिपाईही बाहेर गेला होता अशा वेळी ती त्यांना म्हणाली, “दादा, रोकड हातात असताना मला ऐकू येत नाही असं समजा. माझ्या खिशातून पैसे जातात. डबा खाताना मात्र सगळं सांगा.” या बोलण्यातला दुसरा भाग अधिक कठीण आहे हे तिलाही कळत होते. कारण मग डबा खाताना खरोखर ऐकावे लागते, मोबाइल पालथा ठेवून.

गृहस्थ दोन दिवस घुम्यासारखे बसले, तिच्याकडे पाहीनात. तिलाच अपराध्यासारखे वाटू लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी शिपायाला पकडले.

मागच्या रविवारी ती पुन्हा भेटली. सकाळी ते अजूनही सुरू होतात, पण हिने हात वर केला की बहुतेक वेळा थांबतात. गुडघ्याची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर करायचे ठरले आहे. कोणत्या डॉक्टरने काय सांगितले, खर्च किती, रजा किती दिवसांची, हे सारे तिने मला मंदिराच्या पायरीवर उभे राहून चांगली पंधरा मिनिटे सांगितले.