लॉटरी आणि वेगमर्यादा

वेगमर्यादा पाळणाऱ्याला बक्षीस द्यावे का, हा मुळात नीतिशास्त्राचा प्रश्न आहे. २०१० मध्ये स्टॉकहोमच्या एका रस्त्यावर केविन रिचर्डसन यांच्या कल्पनेतला वेगळाच कॅमेरा बसवला गेला. मर्यादा ओलांडणाऱ्याला दंड, पाळणाऱ्याचे नाव लॉटरीत, आणि बक्षिसाची रक्कम त्याच दंडातून, अशी ती योजना. सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरवरून २५ वर आल्याचे आयोजकांनी सांगितले. चाचणी मोजक्या दिवसांची होती, तेव्हा आकड्याला फार भुलू नये.

कांटच्या मते बक्षिसाच्या आशेने दाबलेल्या ब्रेकला नैतिक मोल नाही. गीतेतला निष्काम कर्माचा आदर्शही याच्या जवळ जातो. ॲरिस्टॉटल मात्र सद्गुण सवयीतून घडतो असे मानतो. त्या हिशेबाने लोभापायी सुरू झालेला संयमही अंगवळणी पडू शकतो, आणि रस्ता ओलांडणाऱ्या शाळकरी पोराला चालकाच्या हेतूशी काय देणेघेणे?

स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये स्वीकारलेले ‘शून्य मृत्यू’ धोरण हेतूचा वाद बाजूलाच ठेवते. माणूस चुकणारच, पण त्या चुकीपायी जीव जाऊ नये, ही जबाबदारी रस्ता आखणाऱ्यांचीही आहे, असे ते मानते. त्यातूनच तिथल्या अनेक रस्त्यांवर समोरासमोरची धडक टाळण्यासाठी मधोमध तारांचे कठडे आले.