उन्हाची बाजू

गेल्या वर्षी आमच्या कंपनीत माणसं कमी केली. शेजारच्या डेस्कवरचा माझा मित्र त्यात गेला. दहा-बारा दिवसांनी मी त्याला एक गाणं पाठवलं : 'कीप ऑन द सनी साइड'. कार्टर फॅमिलीचं, १९२८ सालचं रेकॉर्डिंग. उत्तर आलं, "ऊन कुठेय ते दिसतंय रे मला. माझ्या रेझ्युमेचं काय झालं?"

रेझ्युमे माझ्याकडेच पडून होता. माझा जुना मॅनेजर दुसरीकडे माणसं घेत होता, त्याला तो पाठवायचा होता. मी पाठवला नव्हता, कारण पुढच्या यादीत माझं नाव आलं तर तीच एक ओळख मला लागणार होती. गाणं पाठवायला मात्र काहीच पडत नव्हतं.

हे गाणं कार्टरांचं म्हणून ओळखलं जात असलं, तरी ते त्यांनी लिहिलेलं नाही. १८९९ मध्ये एडा ब्लेंकहॉर्न यांनी ते लिहिलं. असं सांगतात की, त्यांच्या नात्यातल्या एका मुलाला चालता येत नसे. आपली व्हीलचेअर रस्त्याच्या उन्हातल्या बाजूनं न्यावी, असा त्याचा हट्ट असे. गाण्याची कल्पना त्यातून आली.

ही गोष्ट वाचल्यापासून गाणं मला सरळ ऐकूच येत नाही. ऊन कुठे आहे हे त्या मुलाला ठाऊक होतं, त्यासाठी कुणाच्या उपदेशाची गरज नव्हती. रस्ता ओलांडायला खुर्ची ढकलणारं माणूस हवं होतं. म्हणजे मुळात ती एक मागणी होती. गाण्यात येताना तिचा सल्ला झाला. मला न्या, असं म्हणणारा मुलगा गेला आणि तुम्ही जा, असं सांगणारा आवाज आला.

परिस्थिती हातात नसते, तिच्याकडे बघणं हातात असतं, असं एपिक्टेटस सांगतो. तो स्वतः गुलाम होता, त्याला ते सांगायचा अधिकार होता. पण तेच वाक्य पगार चालू असलेल्यानं पगार थांबलेल्याला सांगितलं की त्यात एक सोय शिरते : आता तुझं तू बघ.

मग कार्टरही सोयीचंच गात होते का? तसं म्हणवत नाही. ए. पी. कार्टर व्हर्जिनियातल्या ज्या खोऱ्यातले, त्याचं नावच पुअर व्हॅली. गाणं सुरुवातीलाच कबूल करतं की आयुष्याला काळोखी बाजू आहे. ते आणि सारा १९३६ मध्ये कायद्यानं वेगळे झाले. तरी त्यानंतर मेक्सिकोच्या सीमेवरच्या रेडिओ केंद्रावरून ए. पी., सारा आणि मेबेल एकत्र गातच राहिले. घर मोडलेली दोन माणसं एकाच मायक्रोफोनसमोर उभी राहून आशेची गाणी म्हणताहेत, हे डोळ्यांसमोर आणलं की 'पॉझिटिव्ह राहा' हे शब्द फार स्वस्त वाटायला लागतात. ए. पी. १९६० मध्ये गेले. त्यांच्या थडग्याच्या दगडावर याच गाण्याचं नाव आहे. त्यांना स्वतःला ते ऊन किती मिळालं, कुणास ठाऊक.

मित्राचा मेसेज आला त्या रात्री मी रेझ्युमे पाठवला. सकाळी मॅनेजरचं उत्तर आलं : जागा भरली, आठवडाभर आधी कळवायचंस. हे मित्राला सांगायला मी आणखी दोन दिवस लावले.