उशीर कोणाचा?

"बाई वेळेवर आली नाही," असे दवाखान्यात म्हणतात. "तिचे भोग," असे घरी म्हणतात. दोन्ही बोलण्यांत दोष त्या बाईकडेच जातो. हे न्यायाचे आहे काय, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

आमच्या कुर्डुवाडीचेच पाहा. रेल्वेच्या नोकरवर्गाच्या कुटुंबांस रेल्वेचे औषधोपचार मिळतात. त्याच शिवारात खुरपणीस जाणारी बाई एक दिवस दवाखान्यात गेली की तिची मजुरी बुडते, सोबत्याचीही बुडते, वर एसटीचे भाडे. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग आरंभी बहुधा दुखत नाही. अंगावरून जाणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे, एवढीच चिन्हे. आणि तेवढ्यासाठी घरधन्याजवळ पैसे मागावयास तिची जीभ रेटत नाही. दुखू लागते तेव्हा ती निघते, परंतु तेव्हा रोग पसरलेला असतो.

शुभवर्तमानातील रक्तस्रावी स्त्री बारा वर्षांनंतर गर्दीत पाठीमागून आली. तिच्या भीतीविषयी पुष्कळ बोलले जाते. तिला समोरून येण्यास वाट कोणी ठेवली होती काय, हे क्वचितच विचारले जाते.

बार्शी येथून दूर नाही. तेथे १९८७ साली कर्करोग्यांची नोंदणी सुरू झाली. भारतातील खेड्यांसाठी ती पहिलीच. नोंदणीचे सेवक गावोगाव जाऊन लक्षणे समजावीत, आणि रोग आरंभीच असता येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले. भोग तर तेच होते! सांगणारा मात्र दारापर्यंत गेला होता.

पुढे १९९९ पासून, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, सुमारे १,३१,००० स्त्रियांचे गट करून निरनिराळ्या तपासण्या पारखण्यात आल्या. विषाणूची तपासणी एकदाच झालेल्या गटात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या. तुलनेसाठी तपासणीवाचून ठेवलेल्या, जवळपास तितक्याच मोठ्या गटात ६४. हे २००९ साली प्रसिद्ध झाले. खेड्यांत तपासणी कोणाचीच होत नसे, म्हणून कोणाचे काही हिरावले नाही, असे समर्थन झाले. आम्हांस ते पुरेसे वाटत नाही. जे गरिबास मिळतच नाही ते न दिल्याने त्याची हानी होत नाही, असे बोलणे ज्यास ते मिळते त्यासच सुचते. तथापि त्या प्रयोगाने खरे काय ते दाखविले, हेही आम्ही नाकारीत नाही.

तेव्हा शिक्षकबंधूंनो, स्त्रियांच्या सभेत लक्षणे सांगाच. परंतु बार्शीचे भाडे कोण देणार, आणि त्या दिवशी तिची लेकरे व शेरडे कोण सांभाळणार, हेही त्याच बैठकीत ठरवून उठा.