आजाऱ्यासाठी जगापुढे झोळी

खेड्यातील मंडळीत कोणाच्या घरी मोठे दुखणे आले, म्हणजे पूर्वी उपदेशक वही घेऊन दारोदार फिरत असे, व जमेल ती वर्गणी बरोबर देऊन आजाऱ्यास मिरजेस पाठवीत असे. आता तीच वही मोबाईलवर उघडते. मिलाप (२०१०), केटो (२०१२) अशा नावांची संकेतस्थळे आपल्या देशात निघाली आहेत. तेथे आजाऱ्याची हकीकत, त्याची छायाचित्रे व इस्पितळाने दिलेला खर्चाचा अंदाज मांडावयाचा, आणि तो मजकूर ओळखी-अनोळखी लोकांस पाठवावयाचा. देणारा पुण्यात असो की दुबईत, त्याचे शंभर रुपये तत्क्षणी जमा होतात. २०२१ साली स्नायू निकामी करणाऱ्या एका आनुवंशिक रोगाने पीडित अशा महाराष्ट्रातील तान्ह्या बालकांसाठी सुमारे १६ कोटी रुपयांचे एकेक इंजेक्शन अशाच वर्गणीतून आणविले गेले. हे पाहिल्यावर ही रीत वाईट आहे असे कोण म्हणेल? तथापि तिच्यातील एक गोष्ट माझ्या मनास टोचत आहे, ती वाचकांपुढे ठेवितो.

मागण्यात लाज आहे काय, हा माझा प्रश्न नव्हे. आपल्या भागातील मोठमोठी कामे मागूनच उभी राहिली. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली; तिच्या मुलांचे पोट खेड्यापाड्यांतून आलेल्या मूठ मूठ धान्यावर भरत असे. डॉ. विल्यम वॉनलेस ह्यांनी १८९४ साली मिरजेत इस्पितळ उघडले, तेही परक्यांच्या दानावर. ज्यांनी कृष्णेचे पाणी कधी पाहिले नव्हते, अशा अमेरिकेतील लोकांनी मिशनच्या कामाची हकीकत ऐकून द्रव्य पाठविले. तेव्हा दूरच्या अनोळखी माणसाने आमच्या आजाऱ्याचा खर्च सोसावा, ही गोष्ट आम्हांस नवी नाही.

पण त्या दात्यांनी खाट दिली. खाटेवर कोणी निजावे हे त्यांनी ठरविले नाही. मोतीबिंदूने अंध झालेली म्हातारी असो की मुतखड्याने तळमळणारा कुळवाडी, तिच्या आड दात्याची आवडनिवड येत नसे; आपण दयेस पात्र आहो असे रोग्यास समुद्रापलीकडच्या माणसापुढे सिद्ध करावे लागत नसे. आता देणारा चेहरा पाहून देतो. लहान मूल असेल, त्याचे डोळे मोठे असतील, आई पदराने अश्रू पुशीत असेल, तर बोट थांबते. परंतु दारूने यकृत नासलेला चाळिशीचा हमाल, क्षयाने खंगलेली परित्यक्ता, भ्रमिष्ट झालेला थोरला भाऊ, ह्यांच्यापाशी ते थांबेल काय? २०१७ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी अशी २०० आवाहने तपासून पाहिली. मागितलेली सर्व रक्कम ज्यांस मिळाली, अशी सुमारे दहांत एक निघाली. उरलेले कमी आजारी होते असे नव्हे. आपली हकीकत नीट लिहिता येणे, सधन लोकांची ओळख असणे, ह्या गोष्टीही तेथे लागतात. आणि त्या जत किंवा माण तालुक्यातील मजुरापाशी कोठून असाव्या? बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे दुखणे भोगणाऱ्या मनुष्याचेही हेच गाऱ्हाणे होते. तळे समोर होते. त्यास त्यात सोडणारा कोणी नव्हता.

छायाचित्राविषयीही बोलले पाहिजे. नाकात नळी घातलेल्या उघड्या अंगाच्या मुलीचे चित्र ती बरी झाल्यावरही हजारोंच्या मोबाईलवर राहते. पुढे तिची सोयरीक ठरण्याच्या वेळी ते कोणी बाहेर काढले तर? चित्रावाचून पैसे येत नाहीत असे सांगतात. ते खरेही असेल. ज्यांचे लेकरू खाटेवर आहे त्या आईबापांस मी दोष देत नाही. पण त्यांच्यासाठी मजकूर लिहून देणाऱ्या शिक्षकाने किंवा उपदेशकाने तरी क्षणभर थांबावे, आणि मुलगी जाणती असल्यास तिला विचारावे.

त्याआधी त्याने हक्काचे दार ठोठवावे. महाराष्ट्रात २०१२ साली जीवनदायी योजना सुरू झाली. तीच आज महात्मा जोतिराव फुले ह्यांच्या नावाने चालते, व यादीतील उपचारांसाठी कुटुंबामागे वर्षास ५ लाख रुपयांपर्यंतचा खर्च उचलते. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय इस्पितळांनी शंभरांतील दहा खाटा निर्धनांस फुकट व आणखी दहा दुर्बलांस सवलतीने द्यावयाच्या असतात. तेथे शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला लागतो. अश्रू लागत नाहीत. हे ठाऊक नसल्यामुळे कोणी बैलजोडी विकावी व मग जगापुढे झोळी पसरावी, ह्याहून वाईट काय? अर्थात यादीत न बसणारी दुखणी पुष्कळ आहेत, आणि गाडीभाडे, सोबत्याचे जेवण, बुडालेली मजुरी ही कोणत्याच यादीत नसतात. म्हणून झोळी राहणारच.

ती राहणार असेल तर एका प्रसंगाचा विचार वाचकांनी करावा. एका मुलासाठी पाच लाख जमले, तीन लाख खर्च झाले, आणि मूल वारले. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा आहे. त्याचे आवाहन कोणी लिहिले नाही, त्याचे चित्र कोणी काढले नाही. मुलाच्या बापास वाटते, उरलेले दोन लाख ह्याला द्यावे. देणाऱ्यांपैकी कोणी म्हणेल काय, की आम्ही तर त्या मुलासाठी दिले होते? मला वाटते, काही जण म्हणतील. आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे आहे असे मलाही म्हणवत नाही.