धुतलेला सदरा कुणाला खुपतो?

आपल्या बैठकांत एक वाद हमखास निघतो. एखादा पोरगा कडक इस्त्रीचा शर्ट आणि पॉलिश मारलेले बूट घालून आला की कुणीतरी म्हणतंच, "काय साहेब, मोर्चाला निघालात का लग्नाला?" सगळे हसतात. पण त्या हसण्याच्या पोटात एक प्रश्न आहे आणि तो हसून घालवण्यासारखा नाही. ज्याच्या वस्तीत नळाला दिवसाआड पाणी येतं, ज्याचा पगार महिना संपायच्या आधी संपतो, त्यानं भांग पाडावा, आरशापुढं उभं राहावं, चारचौघांत नीट दिसावं, याला काय म्हणायचं? पांढरपेशांची नक्कल? चैन? का लढ्याचाच एक भाग?

मी सूतगिरणीत रिंग खात्यात काम करतो. शाळा लवकर सुटली. पुढं जे काही वाचलं ते तिसरी पाळी संपवून, डोळे ताणून. त्यामुळं प्राध्यापकांच्या सौंदर्यशास्त्रात मी शिरत नाही. आमच्या कवितेत सौंदर्य आहे की नाही यावर त्यांनी रीमच्या रीम कागद काळे केलेत. तेही काम करायला हवंच होतं. पण कंगवा, आरसा, साबण, इस्त्री यांच्यावर फारसं कुणी लिहीत नाही. मला त्यांच्यावरच लिहायचंय. कारण जातीनं पहिला हात तिथंच घातला.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडा. चांडाळांनी गावाबाहेर राहावं, फुटक्या भांड्यात जेवावं, मेलेल्यांची वस्त्रं नेसावीत, दागिने लोखंडाचे घालावेत. वेद, शस्त्र, धन यांच्यावर तर बंदी होतीच. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून अंगावरच्या चिंधीचाही कायदा केला. एवढी यातायात कशासाठी? कारण जात अंगावर उगवत नाही. दोन उघडी पोरं नदीत डुंबत असली तर कोण कुठल्या आळीतलं हे मनूच्या बापालासुद्धा सांगता यायचं नाही. मग ओळखायचं कसं? तर कपड्यानं. आधी पाणवठा बंद करायचा आणि मग म्हणायचं, यांच्या अंगाला वास येतो. आधी मढ्यावरचं कापड गळ्यात मारायचं आणि मग म्हणायचं, यांना नेसायची अक्कल नाही. आपणच घाण लावायची आणि आपणच नाक दाबायचं, असा हा सगळा कारभार.

दक्षिणेत त्रावणकोर संस्थानात नाडर बायांना वरच्या जातींसमोर छाती झाकायची मनाई होती. त्या बायांनी वर्षानुवर्षं मार खाल्ला, अंगावरचं कापड फाडून घेतलं, पण हटल्या नाहीत. 1859 साली संस्थानाला माघार घ्यावी लागली. अंग झाकायची मुभा मिळाली, पण एक खुंटी मारून: वरच्या जातीच्या बाया घेतात तसं कापड घ्यायचं नाही. म्हणजे झाका, पण आमच्यासारखं झाकू नका. कापड चालेल, बरोबरी चालणार नाही. आता सांगा, भांडण कापडाचं होतं का?

जशी नेसायला बंदी तशी विणायलाही. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणाई खात्यात घेत नव्हते. धोट्यातला धागा संपला की नवा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. विणाईत पगार जास्त. म्हणून आपली माणसं कमी पगारात रिंग खात्यात. 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं ठेवला. लाल बावट्याच्या छायेतसुद्धा थुंकीला जात होती! आम्ही काढलेलं सूत अंगावर घ्यायला कुणाची हरकत नव्हती. आम्ही साच्यावर उभं राहायला होती.

कुणी म्हणेल, हे जुनं झालं, आता कोण विचारतंय. त्यानं कायदा वाचावा. 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा 2015 साली दुरुस्त झाला. त्यात काय काय गुन्हा म्हणून लिहावं लागलं बघा: मिशा काढणं, सार्वजनिक जागी पायताण किंवा नवे कपडे घालायला अडवणं, सायकलवर बसायला अडवणं, लग्नात घोड्यावर बसायला अडवणं. चंद्रावर यान पाठवणाऱ्या देशाच्या संसदेला एकविसाव्या शतकात नव्या कपड्यासाठी कलम घालावं लागतं. कायदा उगाच शब्द खर्च करत नाही. 2017 साली गुजरातेत गांधीनगर जिल्ह्यात मिशा ठेवल्या म्हणून आपल्या पोरांना मारल्याच्या तक्रारी झाल्या. उत्तर म्हणून कितीतरी पोरांनी मोबाईलवर स्वतःच्या फोटोऐवजी मिशीचं चित्र लावलं. 2023 साली त्याच गुजरातेत बनासकांठा जिल्ह्यात चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून मारलं, अशी तक्रार एका दलित तरुणानं पोलिसांत दिली. गॉगलनं कुणाचा बांध कोरला होता? कुणाची विहीर बाटवली होती? काहीच नाही. तो फक्त चांगला दिसत होता. तेवढंच खुपलं.

हे बाबासाहेबांना फार आधी कळलं होतं. 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळली. त्याच परिषदेत त्यांनी बायांची वेगळी सभा घेऊन त्यांना लुगडं नेसण्याबद्दल सांगितलं. लुगडं नेसायची तऱ्हा, गळ्यातले गळाभर दागिने, कोपरापर्यंतचं चांदी-कथलाचं ओझं, यावरून लांबूनच जात ओळखू येते. ती खूण मोडा, स्वच्छ राहा, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. बायांनी तिथंच नेसण बदललं. एका हातानं पोथी जाळणं आणि दुसऱ्या हातानं लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत सोडणं, ही माझ्या लेखी एकच चळवळ आहे. पोथीची राख वाऱ्यानं उडाली असेल. घोट्यापर्यंत सोडलेला काठ मात्र त्या बाया गावात घेऊन गेल्या, पाटलाच्या वाड्यावरून, चावडीवरून. ती हिंमत आपल्या इतिहासात थोडी कमीच मोजली जाते.

आता त्या सुटाबद्दल. गावोगावच्या पुतळ्यात बाबासाहेब सुटात आहेत: निळा कोट, टाय, खिशाला पेन. काही शहाणे म्हणतात, गरिबांचा पुढारी आणि साहेबी पोषाख? बघा गांधींकडं. 1921 साली त्यांनी अंगावरचे कपडे उतरवले आणि पंचा नेसला. बरोबर आहे. पण कपडे उतरवून मोठं व्हायला आधी अंगावर कपडे असावे लागतात. ज्याला जन्मानं मान मिळालाय तो फाटकं घालून साधू होतो. आम्ही फाटकं घातलं की तीच आमची जात होते. हां, आपल्याच जोतीरावांचंही उदाहरण आहे. 1888 साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानाच्या समारंभात सगळी बडी मंडळी जरी-जवाहिरात नटून आलेली असताना जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले, आणि खरा देश हा असा आहे म्हणून ऐकवलं. एकानं शेतकऱ्याचा वेष घातला, दुसऱ्यानं सूट. वरवर उलट वाटतं. पण दोघांनी एकच केलं: आपण काय घालायचं हे समोरच्याला ठरवू दिलं नाही. आणि सूट म्हणजेच सर्वस्व असंही नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात तेच बाबासाहेब पांढऱ्या वस्त्रात उभे होते, आणि समोर लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत.

इथं मला धम्मातलं एक जुनं कापड आठवतं. भिक्खूचं चीवर मुळात पंसुकूल, म्हणजे उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या. म्हणजे मनूनं चांडाळाला जे कापड दिलं तेच की! फरक कुठंय? मनूचं कापड जसंच्या तसं अंगावर टाकलेलं. भिक्खू ती चिंधी वेचतो, धुतो, कापतो, शिवतो, रंगवतो. महावग्गात सांगितलंय की मगधातली बांधाबांधांची भातशेतं दाखवून बुद्धानं आनंदाला चीवराची ठेवण तशी करायला सांगितली. शेताचा नकाशा अंगावर घेऊन फिरणारी माणसं! आणि सेखिय नियमांत पहिलाच नियम काय, तर अंतरवासक चहूबाजूंनी सारखं नेसायचं. ज्यानं घरदार सोडलं, केस उतरवले, त्यानंसुद्धा चारचौघांत गबाळं जायचं नाही. दागिना नाही, जर नाही, पैसा नाही, तरी नीटनेटकेपणा आहे. म्हणजे नीटनेटकेपणा किमतीवर अवलंबून नाही. आपल्या मर्जीनं आपल्या वस्तूवरून फिरलेला आपला हात, याला मी रोजचं सौंदर्य म्हणतो. उसवलेल्या खिशाला बहिणीनं घातलेली टीप त्यात येते. पत्र्याच्या खोलीत खिळ्याला अडकवलेला हातभर आरसा त्यात येतो. इस्त्री नसताना गादीखाली घडी घालून ठेवलेली पँट त्यात येते.

इथंच थांबलो तर लेख गोड होईल. पण मित्रांनो, खरी गोम पुढं आहे.

नीट दिसणं हा हक्क आहे असं म्हणता म्हणता तो परवाना कधी होतो ते कळत नाही. स्वच्छ शर्ट घातला म्हणून मान मिळाला, असं ज्या दिवशी आपण मानलं त्या दिवशी मळक्या शर्टाला मान नाही हेही मानलं. आणि मळका शर्ट कुणाचा? आपल्याच माणसाचा. पहाटे गटारात उतरून आलेला सफाई कामगार सभेला येत नाही. आला तरी दाराशी उभा राहतो. त्याला कुणी हाकललेलं नसतं. पण सतरंजीवर बसलेल्या पांढऱ्या कपड्यांकडं बघून त्याचं तोच ठरवतो. मनूनं त्याला गावाबाहेर बसवलं, आणि आपण? आपल्या इस्त्रीनं त्याला दाराबाहेर उभं केलं तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला? साबणाचा?

थेरगाथेत सुनीत थेर स्वतःची कथा सांगतो. नीच मानलेल्या कुळातला, वाळलेली फुलं झाडून पोट भरणारा. वाटेत बुद्ध दिसला, तसा खांद्यावरचा भार खाली ठेवून तो पुढं गेला, वंदन केलं, प्रव्रज्या मागितली. बुद्ध म्हणाला, ये भिक्खू. आधी आंघोळ करून ये, असं म्हणाल्याचं त्या गाथांत कुठं नाही. आधी ये. चीवर, नियम, सारखं नेसणं हे सगळं नंतर. हा क्रम आपण उलटा केला की धम्माचा क्लब झाला म्हणून समजा.

बायांच्या बाबतीतही हाच क्रम तपासा. महाडला बायांनी नेसण बदललं ते स्वतः. त्यांनी उतरवलेलं चांदीचं ओझं म्हणजे त्यांची गाठीची शिल्लक होती, हेही ध्यानात घ्या. आज आपणच बहिणीला सांगतो, कार्यक्रमाला पांढरीच साडी पाहिजे, चुरगळलेली नको. पण ती साडी धुतं कोण, पाणी भरतं कोण? आपल्या कडक शर्टाची इस्त्री किती घरांत आईच्या मनगटानं होते? दुसऱ्याच्या हातानं आलेला टापटीपपणा आणि वाड्यातला टापटीपपणा यांत मला फरक दिसत नाही. तसंच रंगाचं. गोरं करणारी क्रीम विकणाऱ्या कंपनीनं 2020 साली नावातला गोरेपणा काढला; पण आपल्या मुली बघायला जाणाऱ्यांच्या तोंडातला अजून गेला नाही. अंग धुणं वेगळं आणि कातडी बदलायला निघणं वेगळं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. स्वतःकडं बघताना कडक व्हा: नखं, केस, चपलेचा अंगठा, शर्टाचं बटण. आपण गबाळे असावं ही त्यांची इच्छा आहे, ती पुरी करू नका. दुसऱ्याकडं बघताना मात्र कपड्याच्या आधी माणूस बघा, आणि कपडा मळका असेल तर त्याच्या नळाला पाणी का नाही ते विचारा. तिसऱ्या पाळीतून सुटतो तेव्हा माझ्या केसांत, भुवयांत कापूस असतो. शंभर जणांचं सूत काढणाऱ्याला तोंड धुवायला एक नळ, त्यालाही रांग. 1948 च्या कारखाने कायद्यातच धुण्याची सोय आणि कपडे ठेवायची जागा लिहून ठेवली होती. कागदावर सगळं असतं. सौंदर्य असं मागावंही लागतं: नळ, साबण, न्हाणीघर, अर्धा तास.

तेव्हा पुढच्या बैठकीत दोन ठराव घ्यावेत असं सुचवतो. एक, नगरपालिकेच्या प्रत्येक हजेरीशेडवर सफाई कामगार बाया-माणसांसाठी वेगवेगळी न्हाणीघरं, गरम पाणी आणि गणवेशाचे पुरेसे जोड मिळावेत, यासाठी मोर्चा. दुसरा, आपल्या विहारात दारातच नळ, साबण आणि भिंतीला मोठा आरसा लावावा. मात्र त्या नळावर हातपाय धुतल्याशिवाय आत येऊ नये अशी पाटी कुणी लावायची नाही. ज्याला वाटेल तो धुईल. ज्याला वाटणार नाही तो सरळ आत येऊन पहिल्या रांगेत बसेल.

सूचक मी आहे. अनुमोदक पाहिजे.

जयभीम.